चालायला सांगितलेला माणूस

७ ऑक्टोबर २००३

चालायचं म्हणे! नुसतं चालायचं!

मामंजींना आज मंचरला डॉक्टरांकडे नेलं. ज्यांच्या दवाखान्यामागच्या खोलीत माझी लॅब आहे, तेच हे डॉक्टर. "माझी" म्हणजे तिथे टेक्निशियन मी एकटीच, म्हणून. गेल्या आठवड्यात साखर कारखान्याच्या शिबिरात मामंजींचा रक्तदाब १८६/११० निघाला होता. आजही तेवढाच. डॉक्टरांनी गोळी लिहिली, मीठ कमी करायला सांगितलं, आणि मग खुर्चीत रेलून, जणू शोध यांनीच लावलाय अशा थाटात म्हणाले, "बाबा, रोज सकाळी तासभर चालायचं."

"कुटं?" मामंजींनी विचारलं.

"कुठंही. जायचं आणि परत यायचं."

"आन् तितं जाऊन काय करायचं?"

"काही करायचं नाही हो. नुसतं चालायचं. व्यायाम!"

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. या माणसाचं डोकं ठिकाणावर आहे ना, एवढंच त्या नजरेत होतं. मी भिंतीवरच्या मूत्रपिंडाच्या चित्राकडे बघत राहिले.

ज्या माणसाने उभं आयुष्य दिवाळी झाली की मेंढरं घेऊन माळशेज घाट उतरायचा, कोकणात चारायची आणि पावसाच्या आत चालत वर आणायची, यातच काढलं, त्याला हे चालायला शिकवतायत. तीन वर्षांपूर्वी गोरक्षची, माझ्या नवऱ्याची, कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी पक्की झाली. लगेच भावकीचं सुरू — नोकरदार पोराचा बाप मेंढरामागं बरा दिसत न्हाई. मेंढरं विकली. सासऱ्यांना ओट्यावर बसवलं. मानाने! त्या मानाचा रक्तदाब १८६.

लघवी दवाखान्यातच घेतली, कंपाउंडरने. मी तपासली. प्रथिन नाही. रक्तातलं क्रिएटिनिन १.०, उत्तम. "मूत्रपिंडं अजून शाबूत आहेत," डॉक्टर म्हणाले. "दाब असाच राहिला तर आतली चाळणी झिजते आणि प्रथिन लघवीतून गळायला लागतं. म्हणून दर महिन्याला लघवी तपासायची. तू काय, घरचीच आहेस."

हो. मी घरचीच आहे.


९ ऑक्टोबर

आमच्या घरात "किडनी" म्हटलं की कुशाबा आठवतात. मामंजींचे थोरले भाऊ. माझ्या लग्नाच्या वर्षी गेले. दाब होता, गोळी "चक्कर आली तर" घ्यायचे! मग पाय सुजले, मग तोंड, मग आठवड्यातून दोनदा पुण्याला डायलिसिसच्या यंत्रावर. त्यांच्या सुनेने अंगणवाडीची नोकरी सोडली. तिला कुणी सोड म्हटलं नव्हतं. म्हणावं लागतच नाही.

काल जेवताना गोरक्ष वडिलांबद्दल म्हणाला, "दादाचं चुलत्यावानी झालं तर तुला घरी थांबावं लागंल." भाकरी मोडता मोडता. चटणी वाढ म्हणावं तसं.

मी चटणी वाढली.

मला लॅबमध्ये जाऊ दिलं ते मामंजींनीच. सुनेने परक्यांचं रक्त आणि घाण हाताळायची का, यावर भावकी बसली होती. मामंजी म्हणाले, "मी जलमभर लेंडी बघून मेंढीचा आजार सांगितला. तवा मला कुनी काय म्हनलं न्हाई. शिकलीय तर जाऊ द्या." तो विषय नंतर कधी निघाला नाही. मी आभार मानले नाहीत. आमच्यात ती पद्धत नाही — आणि माझ्यातही नाही.


१२ ऑक्टोबर, रविवार

लॅबमधलं जुनं दाबाचं यंत्र घरी आणलं. आता सुनेने सासऱ्याचा हात धरायचा कसा? मामंजी घरात शिरताना खोकतात, मी पदर घेऊन बाजूला होते. चार वर्षांत आम्ही एकमेकांकडे तोंड करून बोललेलो नाही. शेवटी तोडगा त्यांनीच काढला. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर भिंतीला टेकून बसले आणि चौकटीतून फक्त हात आत सरकवला. मी आतून पट्टा बांधला. असा रुग्ण कुठल्या पुस्तकात नाही!

१८४/१०८.

आत्याबाई — माझ्या सासूबाई — हसून हसून बेजार. "कासारनीपुडं बांगड्या भराया बसल्यात जनू!"

"तुमचाही बघू का?" मी विचारलं.

"मला काय धाड भरलीय? पोर पाठीला बांधून घोड्यामागं चालले म्या, कोकनपातूर. आता गॅस हाय, नळ हाय, टीवी हाय. आता म्या बसनार."

बसल्या. हिंदी मालिकेत कुणाचं तरी लग्न मोडत होतं.


१५ ऑक्टोबर

चालण्याचा पहिला दिवस. मामंजी पहाटे कालव्याच्या रस्त्याने निघाले आणि मोटारसायकलवर बसून परत आले.

ओळखीचा पोरगा थांबला — "बसा की बाबा, कुटं निघाला?" नको म्हणणं म्हणजे त्याचा अपमान. कुठं निघाला याला उत्तर नाही. बसले.


१७ ऑक्टोबर

आज ट्रॅक्टर. परवा मोटारसायकल, काल दुधाचा टेम्पो. "आमी हाय ना, राव! चालता कशाला?" आख्ख्या तालुक्यात एका म्हाताऱ्याला कुणी चालू देत नाही. डॉक्टरांना हे सांगितलं तर ते हसले. मंचरला त्यांना कोण अडवणार? त्यांचा एक कंपू आहे. मी वडापच्या जीपमधून उतरते तेव्हा हायस्कूलच्या मैदानावर दिसतो. दोन मास्तर, एक सोनार, बँकेतले एक साहेब. पांढरे बूट. फेऱ्या झाल्या की स्टँडसमोर मिसळ, वर शेव वेगळी मागून. एकाचाही दाब ताब्यात नाही. त्यांचे रिपोर्ट मीच टाइप करते!


२३ ऑक्टोबर

गावात पसरलंय — राघूबाबाला, म्हणजे मामंजींना, सुनंनं घराबाहेर काढलं. सकाळ-सकाळ बिचारं रस्त्यानं हिंडतं. चहासुद्धा देत नाही म्हणे.

मी दिलेल्या चहात साखर किती होती तेही एखादीने मोजलं असेल.

गोरक्ष चिडला. "दादा, बंद कर ते हिंडनं. लोकं तोंडात शेण घालत्यात."   मला वाटलं, ते बंद करतील.


२ नोव्हेंबर

बंद केलं नाही. मेंढी आणली!

चिमाजी म्हणून त्यांचा जुना जोडीदार आहे, तो अजून मेंढरं ठेवतो. त्याच्याकडून एक म्हातारी मेंढी मागून आणली. आता मामंजी पहाटे मेंढीला दोरी लावून कालव्याने निघतात. कुणी काही विचारत नाही — मेंढीमागे माणूस असायचाच. कुणी गाडीवर बस म्हणत नाही — मेंढी कशी बसणार? सुनेने हाकलल्याची बातमीही विरली. भावकीचं फक्त एवढंच म्हणणं की एकच का, निदान चार तरी घ्यायच्या.

मी हसले नाही. पण लॅबमध्ये एका रुग्णाच्या बोटाला सुई टोचताना आठवलं आणि ओठ चावावा लागला. दाबावरचं औषध: एक मेंढी, रोज सकाळी, उपाशीपोटी.


८ नोव्हेंबर

पहिली बाटली.

लघवी हा शब्द मी लॅबमध्ये दिवसभर उच्चारते. न लाजता, न थांबता — "मधली धार, सकाळची पहिली." घरात जीभ उचलेना. बाटलीवर चिठ्ठी चिकटवली, मामंजींचं नाव घातलं, आणि काल रात्री जेवणं झाल्यावर आत्याबाईंच्या हातात दिली. "सकाळची पहिली," एवढंच म्हटलं. त्यांना समजलं. पहाटे पदराखाली झाकून आणून दिली, तोंड फिरवून.

परीक्षानळीत घेतली, वरचा भाग उकळला, ॲसिडचा थेंब टाकला. अगदी पुसट ढग, प्रथिनाचा. नोंदवण्याइतका. गेल्या महिन्यात नव्हता.

एखाद्या वेळी येतो. थंडी, ताप, कशानेही. दाब १६८/१००. गोळी लागू पडतेय.


६ डिसेंबर

ढग स्पष्ट. प्रथिन किती, ते आम्ही अधिकच्या खुणांनी नोंदवतो. एक अधिक.

नळी दोनदा नव्याने भरून उकळली. एक अधिक.

दाब मात्र १५४/९६. मामंजी आता दाराबाहेर बसल्या बसल्या भिंतीशी बोलतात. म्हणजे माझ्याशी, पण तोंड भिंतीकडे. आज म्हणाले, "मेंढी म्हातारी हाय पर वाट दावती. कालव्याच्या म्होरं ऊस तोडलाय, तितं हिरवं निगालंय." मी हं म्हटलं. पायावर सूज आहे का, हे बघायला चौकटीतून खाली डोकावले. नाही. काटक्यांसारखे कोरडे पाय.


११ डिसेंबर

डॉक्टरांनी एका इंग्रजी मासिकातलं कात्रण दिलं. "वाच, तुझ्या सासऱ्यांसाठी आहे."

उंदीर! दाब वाढलेले उंदीर दोन खोक्यांत ठेवले. एका खोक्यातल्यांना रोज चाकात पळवलं, दुसऱ्यांना बसू दिलं. पळणाऱ्यांची मूत्रपिंडं कमी बिघडली. नियमित व्यायामाने दाबाचा मार मूत्रपिंडापर्यंत कमी पोचत असावा — "असावा" — माणसांत अजून पुष्कळ तपासायचं बाकी आहे, वगैरे.

उंदराला भावकी नसते. उंदराला कुणी म्हणत नाही, बसा की पावणं, चालता कशाला. आणि त्या उंदरांचं मूत्रपिंड शेवटी कापून बघता आलं. माझ्याकडे फक्त बाटली आहे, आणि बाटली म्हणते की चालण्याने काही होत नाही. डॉक्टर कात्रणावर विश्वास ठेवतात, मी नळीवर. नळीला मतं नसतात.

कात्रण परत केलं. "छान आहे," म्हटलं.


१५ जानेवारी २००४

संक्रांत. कासारीण आली होती. आत्याबाईंच्या हातात नेहमीच्या मापाची बांगडी जाईना. साबण लावून झाला, तेल लावून झालं. "सून कमवती झाल्यापासून बसून खाते, माजलीय म्या," स्वतःच म्हणाल्या, आणि मोठं माप घेतलं. मग तिळाच्या वड्या, मग पापड, मग लोणच्याचा खार भाकरीला लावून. मामंजींचं जेवण मी वेगळं अळणी करते. त्यावर त्यांची टिप्पणी — "अळणी खाऊन कुनी अमर झालाय व्हय?"

मी वाद घालत नाही. या घरात कुणाच्या ताटात काय असावं हे ठरवण्याइतका माझा पगार नाही.

बाटली: एक अधिक, जास्तीकडे झुकणारी.


७ फेब्रुवारी

दोन अधिक.

दाब १३८/८६! गेल्या तीन-चार वर्षांत लॅबमध्ये इतका सरळ उतरलेला दाब मी पाहिला नाही. मामंजींची कंबर सडपातळ झाली, खोकला गेला, ते ओट्याची पायरी हात न टेकता चढतात. आणि मूत्रपिंडं? ती फुटक्या रांजणासारखी गळतायत.

डॉक्टर गोंधळले. रक्त घेतलं. क्रिएटिनिन पुन्हा १.०.

"बघ, चांगलं आहे," ते म्हणाले.

"क्रिएटिनिन उशिरा वाढतं," मी म्हटलं. "वाढेपर्यंत निम्मं मूत्रपिंड गेलेलं असतं. तुम्हीच शिकवलंत."

ते गप्प बसले. मला बरं वाटलं. कुणालाही गप्प बसवलं की मला क्षणभर बरं वाटतं. मग वडापमध्ये, उसाच्या ट्रकमागे अडकून, ते बरं वाटणं कुठे गेलं कळलं नाही.


१० फेब्रुवारी

गोरक्षने हिशेब सुरू केलाय. पैशाचा नव्हे, माणसांचा. दादासोबत पुण्याला कोण जाणार, घरी कोण थांबणार. त्याची रजा बसत नाही, हंगाम चालू आहे. आत्याबाईंना पायरी चढताना हल्ली धाप लागते, त्यांच्याच्यानं एसटी होणार नाही. उरलं कोण?

"तू तर त्यातलीच हायेस," तो म्हणाला. "तुला समजतं सगळं." कौतुक म्हणून म्हणाला.

शिकले म्हणून लॅब मिळाली. शिकले म्हणूनच जाणार.


६ मार्च

होळी. तीन अधिक.

नळीत दही लागल्यासारखं झालं. मी तशीच धरून उभी राहिले. नळीचा चटका बोटाला बसला तेव्हा ठेवली.


७ मार्च

आज मामंजींना सांगितलं. चौकटीतून हात आलेला होता, पट्टा बांधलेला होता.

"मूत्रपिंडं बिघडत चाललीत. डॉक्टर म्हणाले, पुण्याला दाखवायचं."

 भिंतीपलीकडून — "कुशाबावानी?"

"अजून तसं नाही."

"आन् ह्ये चालनं?"

मी खरं ते सांगितलं. मला जे खरं वाटत होतं ते. "चालण्याचा काही उपयोग झालेला नाही."

हात हळूच बाहेर ओढला गेला. पट्टा अजून बांधलेलाच होता, तो मी चौकटीतून ओढून सोडवला.


९ मार्च

मेंढी चिमाजीकडे परत गेली. मामंजी ओट्यावर.

आत्याबाई म्हणाल्या, "बरं झालं. बसा आता माज्यासंगं. किती चालायचं मानसानं?" आणि मामंजींकडे बघून पदर डोळ्याला लावला. त्यांना आम्ही दिसत नव्हतो. त्यांना फक्त मामंजी दिसतात.


१५ मार्च

डॉक्टरांना सांगितलं, एक एप्रिलपासून दुसरी मुलगी बघा. "थांब ना, पुण्याचं तरी होऊ दे," ते म्हणाले. नको. कुणी सांगितल्यावर सोडण्यापेक्षा मी सोडलेली बरी.

सूक्ष्मदर्शकाची काच पुसली, झाकण घातलं. कुणाला रडायला वगैरे बोलावलेलं नाही.

घरी दाब घेतला. १५२/९४. चालणं बंद करून आठवडाच झालाय. ऋतू उलटल्यावर सगळ्यांचाच वाढतो — नाही, हे मी काहीतरीच लिहिलं. का वाढला ते माहीत नाही.


२९ मार्च

पुण्याहून आत्ता आलो. जे झालं ते जसं झालं तसं लिहिते.

किडनीच्या डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट टेबलावर मांडले. मग मामंजींना तिथेच बाटली देऊन आत पाठवलं, वॉर्डबॉयसोबत. अर्ध्या तासाने रिपोर्ट आला. प्रथिन नाही. शून्य. सोनोग्राफीत मूत्रपिंडं दोन्ही नीट, मापात. क्रिएटिनिन ०.९.

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "या आधीच्या तपासण्या कुठल्या लॅबच्या?"

"माझ्या."

"अच्छा." पुढे काही म्हणाले नाहीत. म्हणायची गरज नव्हती. गावाकडची लॅब, गावाकडची मुलगी.

माझे कान तापले. मी म्हटलं, पुन्हा घ्या. आवाज चढला असावा, कारण नर्सने वळून पाहिलं. पुन्हा घेतली. शून्य.

"दाब मध्यंतरी इतका छान उतरलाय," ते कागद चाळत म्हणाले. "गोळीनेच?"

"चालत होते."

"मग? बंद का केलं?"

मामंजी खाली बघत होते. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही. "गोळीचं श्रेय किती आणि चालण्याचं किती हे मला वेगळं काढता येणार नाही," डॉक्टर म्हणाले, "पण या माणसाची मूत्रपिंडं आज चांगली आहेत. त्यांना चालू द्या."

शिवाजीनगरच्या स्टँडवर बाकावर बसलो. शेजारी-शेजारी, समोर तोंड करून. भिंत नव्हती, म्हणून दोघंही समोरच्या गाड्यांकडे बघत होतो. मी विचारलं, सरळ — "मामंजी, दर महिन्याची बाटली तुम्हीच भरत होता ना?"

त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली.

"तुज्या हाती माजं कसं द्यायचं गं पोरी? सुनंच्या हाती?" आणि मग, "म्या तुज्या सासूला म्हनलं, तूच दे भरून. एका चुलीचं खातो, एका हंड्यातलं पितो. म्हनलं, फरक तो काय पडनार हाय?"

"आणि त्या काही बोलल्या नाहीत?"

"काय बोलंल? दर म्हयन्याला दिली."

चूक सांगायची तर लाज त्यांची एकट्याची नव्हती. मी तो शब्द त्यांच्यासमोर उच्चारला असता तर? बाटली सासूच्या हातात द्यायची सोय कुणी काढली? एकदा, फक्त एकदा सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला असता तर पेशींवरून, ही बाईची लघवी, अशी शंका तरी आली असती. ठेवला नाही. प्रथिन तेवढं बघायला सांगितलं होतं, प्रथिन तेवढं बघितलं. आणि बाटलीवर नाव होतं — माझ्याच अक्षरात.

एसटीत मी मनात सगळे महिने पुन्हा लावले. पुसट ढग, एक अधिक, दोन, तीन. एकही चाचणी चुकलेली नव्हती.


३० मार्च

आत्याबाई हात देईनात. "मला काय झालंय? बाटलीवर नाव तर ह्यांचं व्हतं." शेवटी मामंजी खोकले नाहीत, थेट स्वयंपाकघरात आले, आणि त्यांनीच तो हात धरून माझ्यापुढे केला. बांगड्या वर सरकवता येईनात, इतका सुजलेला.

२१२/१२४.

पट्टा सोडला, थांबले, पुन्हा बांधला. तेवढाच.

आत्याबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "म्हंजी ह्यांचं बरं हाय ना?"

"हो," म्हटलं.